ओवाळणं संपेपर्यंत

निळीत कापड रंगवणाऱ्या निळाऱ्यांच्या परिषदेत बाईने पाहुण्यांना ओवाळायचं आणि मंडपाबाहेर पडायचं, असा नियम होता. का, असं विचारायचं नाही, हाही नियमच होता. हौसा निळारणीने सातव्या वर्षी विचारलं, तेव्हा आजोबांनी 'पद्धत आहे' म्हणून सांगितलं. सतराव्या वर्षी पुन्हा विचारलं, तेव्हा अकरा पंचांनी तेच सांगितलं, फक्त जरा सावकाश.

यंदाची परिषद मात्र संकटात भरली होती. मानाजीराजांच्या फौजेचे निळे फेटे घामाने रंग सोडू लागले होते. शिपाई निळ्या कपाळाने फिरत होते. खुद्द महाराजांच्या कपाळावर निळा पट्टा उमटला होता आणि तो रिठ्यानेही जात नव्हता. महाराज हट्टी. त्यांनी दवंडी पिटवली, की परिषद उठायच्या आत रंग का जातो ते सांगा, नाहीतर गावातली रंगाची प्रत्येक नांद फोडून टाकीन आणि फेटे शेजारच्या राज्यातून रंगवून आणीन.

हौसाच्या घरी निळीच्या दोनच नांदी होत्या. वडील गेल्यापासून ती आणि आई त्या दोन नांदींवर जगत होत्या. दोघींचे हात कोपरापर्यंत निळे. रंग का जातो हे दोघींना ठाऊक होतं. गावातल्या प्रत्येक निळारणीला ठाऊक होतं, कारण नांदीत हात त्यांचेच असायचे. पंचांचे हात पांढरे स्वच्छ होते. गेल्या वर्षी 'रंगवणाऱ्या बायकांच्या हातांची निगा' या विषयावर ते अकराच्या अकरा बोलले होते. बायका त्या वेळी मंडपामागे त्यांची पानं वाढत होत्या.

यंदा पंचांनी दोन दिवस विचार केला. एकाने नदीला दोष दिला, दुसऱ्याने ग्रहांना. तिसरे म्हणाले, हल्लीच्या शिपायांचा घामच पूर्वीसारखा राहिलेला नाही. यावर बराच वेळ माना डोलल्या.

तिसऱ्या दिवशी महाराज उत्तर ऐकायला यायचे होते. आदल्या संध्याकाळी हौसा मुख्य पंच बाळाशेटांकडे गेली आणि मला महाराजांशी बोलायचंय म्हणाली. बाळाशेटांनी तिला आधी बाळ म्हटलं, मग तिच्या लग्नाचं विचारलं, मग भरल्या मंडपात पोरींनी तोंड उघडलं तर गावाची शोभा कशी होते ते समजावलं. ती दारातून हलेना. शेवटी ते बाकीच्या पंचांकडे बघून हसले.

"बरं, बोल. ओवाळणं संपेपर्यंत काय ते बोलून घे."

पंच खदखदले. ओवाळायचे तीन फेरे. तेवढ्यात बोलून बोलून काय बोलणार?

"शब्द दिलात, काका?"

"दिला, दिला. जा आता."

दुसऱ्या दिवशी महाराज पाटावर बसले आणि हौसा तबक घेऊन आली. तबकात निरांजन नव्हतं. समईचं ताटलं होतं, त्यात पावशेर तेल आणि बोटाएवढी वात. तिने निळ्या पट्ट्याखाली कुंकू लावलं आणि पहिला फेरा सुरू केला. दिवा महाराजांच्या डाव्या कानापाशी आला आणि तिथेच रेंगाळला.

"महाराज, तुमच्या कपाळाचं कारण सांगते."

बाळाशेट ताडकन उठले, पण उठून करणार काय? राजाच्या तोंडासमोरचा जळता दिवा ओढून घेणार कोण? ओवाळणं अर्धवट सोडून महाराजांनाही पाटावरून उठता येत नव्हतं. त्यांनी हाताने बाळाशेटांना बसवलं.

"कापड निळीत सात वेळा बुडवायचं असतं," हौसा म्हणाली. "दर बुडीनंतर वाऱ्यावर टाकायचं. वारा लागला की हिरवट कापड निळं होतं आणि रंग धरून ठेवतं. तुमच्या फेट्यांना बुड्या तीनच मिळाल्या, वारा एकदाच. हा तबकावरचा रुमाल सात बुड्यांचा आहे. घाम पुसून बघा."

महाराजांनी गळा, मान, दोन्ही तळहात पुसले. तळहातांना निळा ठिपकासुद्धा लागला नाही.

"बुड्या कमी केल्या कोणी?"

दिवा आता दुसऱ्या फेऱ्यात उजव्या कानापाशी होता.

"याच मंडपाने. काम झटपट उरकावं म्हणून गेल्या वर्षी ठराव झाला. एकमताने."

"आणि कोणालाच कळलं नाही?"

"ज्यांना कळत होतं त्या बाहेर होत्या, महाराज."

"मग तू गेल्या वर्षीच का नाही सांगितलंस?"

"गेल्या वर्षी दिव्यात तेल कमी होतं."

महाराज असे हसले की कपाळावरचं कुंकू नाकावर आलं. एकही नांद फुटणार नाही, बुड्या पुन्हा सात, असा त्यांनी तिथल्या तिथे हुकूम केला आणि बोटातली अंगठी तबकात टाकली.

बाळाशेट लगबगीने पुढे आले. पोर आमचीच, हुशार आहे, म्हणाले. पुढच्या वर्षी ओवाळणाऱ्या सगळ्या बायकांची मुख्य तिलाच करू. दहा पंचांनी आनंदाने माना हलवल्या.

हौसाने तिसरा फेरा पुरा केला, अंगठी उचलली आणि तबक बाळाशेटांच्या स्वच्छ हातांत ठेवलं.

"नको, काका. पुढच्या वर्षी मी ठरावाला बसणार आहे. ओवाळायला तुम्ही या."

महाराज पुन्हा हसायला लागले आणि म्हणाले, हिची जागा आत्ताच मांडा. दहा पंच सरकून जागा करू लागले. बाळाशेट तबक धरून उभे होते, आणि दिव्यात अजून पुष्कळ तेल होतं.