बिरुदाची पट्टी

"माणसानं किल्ली विकल्याशिवाय माझं यंत्र फुटेलच कसं?"

कर्नल अमृतराव माने ओरडला, तेव्हा अक्का मठाच्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मागच्या युद्धात शत्रूचे गुप्त संदेश अक्कांनी उलगडले होते. अमृतरावाला ती विद्या त्यांनीच शिकवली. आता चेल्याजवळ संदेश गुप्त लिपीत बदलणारं स्वतःचं यंत्र होतं, पदकं होती, आणि आवाजही मोठा झाला होता.

"काय झालं ते सांग. ओरडू नकोस."

"रसदेच्या तीन बोटी बुडवल्या त्यांनी, अक्का! वाट, वेळ, सगळं आधीच ठाऊक होतं त्यांना. बिनतारी संदेश पाठवणारा गणू धुरी आहे ना, त्याला धरलाय. सोमवारी गोळ्या घालणार. लष्करी कोर्टात तुमच्या शब्दाला मान आहे. यंत्र अभेद्य आहे, एवढं लिहून द्या."

"गणू कबूल झाला?"

"फितूर कधी कबूल होतो काय?"

अक्का खडे वेचत राहिल्या.

"यंत्राची एवढी खात्री कशी रे?"

"यंत्रातली चाकं रोज नव्या जागी लावतो आम्ही, तीच त्या दिवसाची किल्ली. तेच अक्षर पुन्हा दाबलं तर वेगळंच उमटतं. आणि जे दाबाल, ते अक्षर स्वतः उमटत नाही. कधीच नाही!"

हे सांगताना त्याची छाती फुगली. बुडालेल्या खलाशांची प्रेतं अजून किनाऱ्याला लागत होती, आणि ह्याची छाती फुगत होती!

"एखादा संदेश आहे जवळ? यंत्रातून निघालेला?"

त्यानं खिशातून कागद काढला. नुसती अक्षरं. अर्थ काही नाही.

अक्कांनी त्याच्यापुढे कोरी पट्टी टाकली.

"हिच्यावर तुझं नाव लिही. संदेशात जातं तसं."

त्यानं झोकात लिहिलं... 'यंत्रविद्याविशारद गुप्तलेखनधुरंधर कर्नल अमृतराव माने यांच्या आज्ञेवरून.'

"हे प्रत्येक संदेशात?"

"माझाच हुकूम आहे. मान राखलाच पाहिजे. पण त्याच्या आधी आम्ही भरताड अक्षरं घालतो, कधी कमी, कधी जास्त. नाव कुठं सुरू होतं, ते कुणाला कळणार?"

"पट्टी संदेशाखाली धर. एकेक घर सरकव. वर-खाली तेच अक्षर आलं, तर ती जागा नव्हे."

"कारण दाबलेलं अक्षर उमटतच नाही…" त्याच्या तोंडून निघून गेलं.

तो पट्टी सरकवू लागला. इथं 'य'वर 'य'. पुढं. इथं 'ध'वर 'ध'. पुढं…

एका जागी मात्र एकही अक्षर जुळलं नाही. तिथं त्याचा हात थांबला.

"एवढी लांबलचक ओळ हाती लागल्यावर त्या दिवशी चाकं कशी लावली होती, ते शोधायला काय कठीण?" अक्का म्हणाल्या. "यंत्रं त्यांच्याकडेही आहेत. ती दमत नाहीत. आणि चाकं सापडली, की त्या दिवसाचा प्रत्येक संदेश उघडा."

"पण माझी बिरुदं त्यांना कशी…"

"रेडिओवर रोज सांगतात. मला म्हातारीला पाठ झाली."

अमृतरावाचा चेहरा उतरला. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

"तरी गणू बेशिस्तच! मागं एकदा माझं नाव गाळून संदेश पाठवला त्यानं. म्हणे, घाई होती. आठ दिवस कोठडीत टाकला होता."

अक्कांचा हात सुपातच राहिला.

"त्या दिवशी दुसरे संदेश गेले होते?"

"नाही. तेवढाच."

"कशाचा होता?"

"औषधांच्या बोटीचा."

"पोचली बोट?"

अमृतरावानं खाली पाहिलं.

"…पोचली."

अक्कांनी सूप आपटलं. तांदूळ ओट्याभर उडाले.

"लाज नाही वाटत? तुझं नाव गाळलं म्हणून जी बोट तरली, तिच्यासाठी त्याला कोठडी! ज्या बुडाल्या, त्यांच्यासाठीही त्यालाच गोळ्या! आणि त्या गोळ्यांवर माझी सही हवी तुला?"

अमृतराव वाकून तांदूळ गोळा करू लागला.

"अक्का… खरं लिहिलं तर माझं सगळं जाईल."

"लिही."

त्यानं लिहिलं. संदेश कसे फुटले ते लिहिलं. हुकूम कुणाचा होता ते लिहिलं. गणू धुरी निर्दोष आहे, असं लिहिलं. मग कागदाच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, नुसतं 'अ. माने' लिहून कागद पुढं केला.

अक्कांनी तो वाचला. परत त्याच्याकडे सरकवला. वर ती पट्टी ठेवली.

"पूर्ण नाव घाल, विशारद. मान राखलाच पाहिजे."