हाराखालची डोलकाठी

समुद्रावर वाफेची बोट अजून आली नव्हती, तेव्हाची गोष्ट. धाकू तांडेल दर सणाला आपल्या गलबताच्या डोलकाठीला रंग लावी, हार घाली. तिच्या बुंध्याशी बांधलेल्या शिडाच्या दोराला मात्र रंगाखालचं लाकूड भुसभुशीत लागे. त्याचा जीव तीळतीळ तुटे.

एकदा गलबत निघताना दोर म्हणाला, “अहो तांडेल, जरा दाबून बघा की तिला!”

“गप रे! गेल्या सणाला तर पाहिली.”

“पाहिली कुठं? नटवलीत! वादळात मोडली, तर खलाश्यांच्या पोरांना काय हार दाखवणार?”

तांडेल हसून शीड चढवू लागला. दोर असा संतापला, की बंदरातच गाठ सोडून मोकळा झाला. शीड तांडेलाच्या डोक्यावर कोसळलं. सावरायला त्यानं डोलकाठी धरली, तर अंगठा थेट आत रुतला.

डोलकाठी कळवळून म्हणाली, “हार राहू दे, बाबा. दर खेपेआधी एवढं दाबून बघत जा.”