मानाचा घास

एका गावात एक पहिलवान होता आणि त्याच्याहून मोठ्या आवाजाची त्याची बायको हौसा होती. पहिलवान मान खाली घालून बोलायचा, हौसा मान वर करून. गावाला दोघंही हवी होती, पण हौसा जरा कमी हवी होती.

गावाच्या वेशीबाहेर नदी होती आणि नदीच्या मधोमध हिरवंगार बेट. गवत असं, की म्हैस आत शिरली तर नुसती शिंगं दिसावीत! दर जत्रेला अलीकडच्या आणि पलीकडच्या गावाची कुस्ती व्हायची. ज्यांचा गडी जिंकेल, त्यांची गुरं वर्षभर त्या बेटावर चरायची.

गेल्या जत्रेला पहिलवानानं कडक उपास धरला होता. सलामी झडली आणि त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. पलीकडच्या गड्यानं हात लावायच्या आधीच हा गुडघ्यावर! मग काय, वर्षभर गावाची गुरं वाळका कडबा चघळत राहिली. हौसाच्या म्हशीच्या बरगड्या लांबून दिसू लागल्या.

यंदा गावानं ठरवलं, पहिलवानाला उपाशी ठेवायचं नाही. एवढ्यावर थांबले असते तर त्यांना शहाणे म्हटलं असतं. पण पाटील म्हणाले, "जुनी रीत आहे आपली! कुस्तीला निघालेल्या गड्यानं प्रत्येक घरचा मानाचा घास घ्यायचा. गेल्या खेपेला ती मोडली, म्हणून हरलो."

झालं! घरोघरी चुली पेटल्या. कुठं तुपात न्हालेली पुरणपोळी, कुठं शिरा, कुठं तर्रीदार रस्सा.

हौसानं मात्र सकाळीच नवऱ्याला भाकरी आणि दूध दिलं होतं. उन्हं कलली, निघायची वेळ झाली, तसं तिनं एक केळं सोलून त्याच्या हातात ठेवलं.

"एवढंच?" पहिलवान म्हणाला.

"एवढंच. चुलीत लाकडं कोंबली तर जाळ होतो का? धूर होतो नुसता!"

हलगी कडाडली. मिरवणूक निघाली. पहिलं दार पाटलांचं. पाटील ताट घेऊन उभेच होते. पुरणपोळीचा वास आला आणि पहिलवानाच्या तोंडाला पाणी सुटलं.

"उघड तोंड, पैलवान!"

वाघ अंगावर आला तरी हा मागं सरायचा नाही, पण पाटलांना नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. त्यानं आ केला.

"मिटा ते तोंड!" मागून हौसा गरजली. हलगी वाजायची थांबली. "पाटीलमामा, रीत काय म्हणते? पुन्हा एकदा सांगा."

"प्रत्येक घरचा घास घ्यायचा."

"घ्यायचा! गिळायचा म्हणते का कुठं?" तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली, तिच्यात धुवट फडकं अंथरलं. "द्या, इथं घेतात हे. गावात घरं किती, यांचं पोट एक. भरल्या पोटानं पाठ कशी वाकेल, श्वास कुठं मावेल?"

"आणि हरला तर?" पाटील तापले.

"हरले तर माझी म्हैस तुमच्या गोठ्यात बांधते!"

सगळे पहिलवानाकडं बघू लागले. इकडं पाटील ताट धरून, तिकडं बायको पाटी धरून. पहिलवानानं पुरणपोळी दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली आणि अलगद पाटीत ठेवली.

"आधी खेळतो, मामा," तो म्हणाला. "मग पोटभर जेवतो."

त्या दिवशी पहिल्यांदा तो मान वर करून बोलला. पुढं प्रत्येक दारचा घास तसाच कपाळाला लागून पाटीत गेला.

आखाड्यात पलीकडचा गडी उतरला तो ढेकर देतच. त्याच्याही गावात हीच रीत होती, आणि त्यानं प्रत्येक घास गिळला होता! दोघांनी शड्डू ठोकले. पहिल्या झटक्यालाच त्या गड्यानं आपल्या पहिलवानाला उचलून आपटलं. लोक उठून उभे राहिले. पाटलांनी हौसाकडं बघितलं, हौसानं पदर दातात धरला. पण पाठ मातीला लागली नव्हती! पहिलवान सळकन वळला, निसटला, पुन्हा भिडला. आता मात्र तो गडी धापा टाकू लागला. त्याच्या कुशीत कळ आली आणि हात पोटाकडं गेला. तेवढीच फट! पहिलवानानं खाली वाकून त्याचे पाय ओढले, पट काढला आणि गड्याला चितपट केलं!

फेटे उडाले. पाटील ताट घेऊन धावले, "आता तरी खा रे!"

"आधी दम खाऊ द्या त्यांना," हौसा म्हणाली, "मग घास."

तिनं त्याला घोटाघोटानं पाणी पाजलं, मग दूध. मग भाकरी, मटकीची उसळ आणि उकडलेली अंडी पुढं ठेवली. "आता खावा पोटभर! राबलेलं अंग आता मागेल, ते त्याला द्यायचं." शेवटी मानाची पाटी उघडली आणि अख्खा गाव तिच्याभोवती बसला.

पलीकडचा गडी एका बाजूला पोट धरून बसला होता. हौसानं त्याला ओवा दिला.

"वहिनी," तो कण्हत म्हणाला, "मी हरलो तरी कुणाकडनं?"

"तुझ्या गावाकडनं, बाबा. लई प्रेमानं हरवलं तुला."

दुसऱ्या दिवशी हौसानं म्हैस बेटावर सोडली. ती गवतात शिरली, आणि थोड्याच वेळात तिची नुसती शिंगं दिसू लागली.

तात्पर्य: मेहनतीआधी हलकं खावं, मेहनतीनंतर भरपूर खावं; आणि कुणी कितीही मायेनं वाढलं तरी मान राखायला हात पुरतात, त्यासाठी पोट खर्ची घालायचं नसतं.