उलटी सही

"मग मला एवढंच सांगा मास्तर, ह्या गावात माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा एक तरी माणूस आहे का?"

मास्तर सोप्यावर बसून कोरायच्या हत्याराला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चित्र मी केलं. सहा महिने कंबर माझी मोडली. आणि प्रदर्शनाच्या हॉलमध्ये जाऊन बघते तर चित्राखाली चिठ्ठी कुणाच्या नावाची? तुमच्या!"

दगडावर पातं फिरत राहिलं.

"मंडळाच्या त्या सचिवाला म्हटलं, साहेब, चिठ्ठी चुकलीय. तर हसला. म्हणाला, मावशी, शाई लावायला मदत केली असेल तुम्ही, भाषणात तुमचा उल्लेख करू. उल्लेख! माझ्याच चित्रात माझा उल्लेख!"

"मग?"

"मग काय. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, असू दे की, मास्तर मोठा माणूस हाय. जावेला सांगितलं. जाऊ म्हणाली, आक्का, खरंच तुम्हीच केलंय व्हय?"

मास्तरांनी पातं नखावर टेकवून बघितलं.

"धार आली," ते म्हणाले.

मी तिथून उठून आले. रागानं माझे कान तापले होते.

मास्तर म्हणजे शिकलगार मास्तर. हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचे. आता वय अठ्ठ्याहत्तर. लिनोचं काम आमच्या भागात त्यांच्याएवढं कुणी केलेलं नाही. लिनो म्हणजे फरशीवर अंथरतात तसला जाड, नरम तुकडा. त्यावर चित्र कोरायचं, शाई फिरवायची, वर कागद ठेवून दाबायचा. कोरलं ते पांढरं. राखलं ते काळं.

आणि मी चपला करणाऱ्या घरातली. शिक्षण चौथी.

आमच्यात रापी, म्हणजे चामडं कापायचं पातं, बाप्यानं धरायची आणि बाईनं चामड्याची वेणी विणायची, अशी रीत. सासऱ्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा रापी मी उचलली. चार वर्षं तळ मी कापले. गिऱ्हाईक कडेवरून बोट फिरवायचं आणि म्हणायचं, "म्हाताऱ्याचा हात अजून शाबूत आहे हो!"

सासरे मिशीवरून हात फिरवायचे. मी खाली मान घालून वेणी विणायची.

तेव्हापासूनची सवय आहे मला. सवय झाली म्हणून काही दुखायचं थांबत नाही.

नऊ वर्षांपूर्वी मास्तरांच्या चपलेचा कान तुटला. दुरुस्त करून द्यायला त्यांच्या घरी गेले, तर सोप्यावर हा तुकडा पडलेला.

"हे कसलं चामडं?"

"चामडं नव्हे. लिनो."

पिशवीत रापी होती. विचारलंबिचारलं नाही. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली.

मास्तर त्या रेघेकडे बघत राहिले... माझ्याकडे नाही, रेघेकडे.

मग आत गेले आणि नवा तुकडा घेऊन आले.

"उद्या ये," म्हणाले.

नऊ वर्षं मी जात राहिले. नऊ वर्षांत त्यांनी माझं नाव एकदाही घेतलं नाही. एरवी "अगं". रागावले की "बाई".

पहिल्याच दिवशी म्हणाले, "इथं सगळं उलटं कापायचं. तेव्हा कागदावर सुलटं येतं. जमेल?"

मला हसू आलं. "मास्तर, डावी बघून उजवी कापणारी बाई मी. मला उलटसुलट शिकवताय?"

ते हसले नाहीत.

"बघू," म्हणाले.

तो "बघू" माझ्या डोक्यात बसला. नऊ वर्षांत शंभरावर चित्रं कापली, पण एक रेघ उलटसुलट चुकू दिली नाही. दर वेळी कागद उचलला की मी मास्तरांच्या तोंडाकडे बघायची. म्हणजे, बघितलं का?

ते कागद वाळत टाकायचे.

मग ते मोठं चित्र.

लग्नाच्या मांडवाबाहेर पडलेल्या चपला. माणूस एकही नाही, नुसत्या चपला. एकशे बेचाळीस. कुणाची टाच आतून झिजलेली, कुणाचा अंगठा तारेनं बांधलेला. एकीचा नवा करकरीत जोड सगळ्यांच्या वर मुद्दाम काढून ठेवलेला, लोकांनी बघावा म्हणून. एक म्हातारा लंगडत आलाय. एक पोरगी पळत आत गेलीय, तिची एक इकडं, एक तिकडं. चपलेवरून माणूस ओळखणारी मी. सगळं गाव आणून बसवलं मांडवात.

सहा महिने लागले. शेवटी लिनोवर खाली डाव्या कोपऱ्यात चार बोटं जागा उरली.

"नाव घाल," मास्तर म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

नाव!

आता हे सांगायला पाहिजे. माझ्या वयाच्या बायका आमच्या गल्लीत अंगठा उठवतात. मी नाही. रेशनच्या दुकानात त्या माणसानं शाईचं पॅड पुढं सरकवलं की मी ते मागं सरकवते. "अंगठा आमच्या चपलेला असतो," म्हणते, "कागदावर मी सही करते." अशी माझी सही. चौथीच्या बाईंनी छडी मारून मारून बसवलेली. वेलांटी नाही हलायची, काना नाही वाकायचा.

रापी घेतली, जीभ दातात धरली, आणि झोकात सही केली.

मास्तर चहा घेऊन आले. कोपऱ्याकडे बघितलं... माझ्यापुढं कप ठेवला.



मग शाई फिरवली. पातळ कागद अंथरला. पळीच्या पाठीनं घासून घासून हात भरून आला. कागद उचलला.

एकशे बेचाळीस चपला, एकसुद्धा इकडची तिकडं नाही. डावी ती डावी, उजवी ती उजवी.

आणि कोपऱ्यात माझं नाव... उलटं.

नाव कापताना हात शाळेत गेला होता. पाटीवर काढावं तसं सरळ काढलं. सरळ कापलं ते उलटं उमटलं. नऊ वर्षांत एकदा चुकले, आणि कुठं? तर स्वतःच्या नावात!

"मास्तर, तुम्ही बघितलं होतं."

"हो."

"चहा ठेवला तेव्हा बघितलं होतं!"

"हो."

"आणि गप्प बसलात? शाई लावायच्या आधी सांगता येत नव्हतं? तेवढा कोपरा कापून काढला असता! सहा महिन्यांचं काम नासवलंत. हा दोष तुमचा आहे, मास्तर. सरळ सरळ तुमचा!"

मी रापी उचलली. लिनोवरचा तो कोपराच खरवडून टाकणार होते.

मास्तरांनी त्या चार बोटांच्या जागेवर तळहात ठेवला. रापीची धार त्यांच्या बोटांपासून गव्हाएवढ्या अंतरावर थांबली.

"हात काढा."

त्यांनी तळहात आणखी दाबून धरला.

"मास्तर, हात काढा, लागेल."

त्यांनी हात काढला नाही. मीच रापी खाली ठेवली. चहा तसाच टाकून घरी आले.

असं ते चित्र. उलट्या नावाचं. तेच मास्तरांनी प्रदर्शनाला पाठवलं, आणि तिथं त्याच्याखाली त्यांच्या नावाची चिठ्ठी लागली. सांगा, मला राग का येऊ नये?

मास्तरांच्या सोप्यावरून रागानं उठून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलमध्ये जायचंच नाही म्हणून बसले होते. मग म्हटलं, का नाही जायचं? चोरी मी केलीय का? ठेवणीतलं लुगडं नेसले आणि गेले.

हॉल भरला होता. गावातल्याच लोकांची चित्रं. पोस्टातल्या बाईंचे रंगीत डोंगर, एका गवंड्यानं काढलेल्या म्हशी, कॉलेजच्या पोरांचं काय काय. माझं चित्र दोरीला चिमटे लावून खिडकीशेजारी टांगलेलं. गर्दी तिथंच जास्त. एक म्हातारा वाकून बघत होता आणि बायकोला सांगत होता, "ही बघ, ही आपल्या गणपाची. टाच बघ की!"

माझ्या अंगावर काटा आला.

एवढ्यात मंडळाचे सचिव नाईकनवरे साहेब पाहुण्यांना घेऊन तिथं आले. हातात छडी. छडीनं दाखवत होते.

"हे आमच्या शिकलगार मास्तरांचं ताजं काम. ह्या वयात हा हात बघा! आणि इथं कोपऱ्यात बघा, मास्तरांची सही. मोडी लिपीत आहे."

"मोडी?" पाहुणे वाकले. "वा! मोडी जाणणारे आता राहिले कुठं?"

"मला थोडी वाचता येते," नाईकनवरे म्हणाले. छडी कोपऱ्यावर टेकवली. "हे बघा, हा 'शि'. इथून 'शिकलगार' सुरू होतं."

माझ्या डोळ्यांपुढं लाल झालं.

"ती मोडी नाही," मी म्हटलं. मोठ्यानं. "ती सही माझी आहे."

सगळे वळले. नाईकनवऱ्यांनी पाहुण्यांकडे बघून हसायचा प्रयत्न केला.

"मावशी, काल बोललो ना आपण? तुमचा उल्लेख भाषणात घेतलाय."

"उल्लेख नको. नाव पाहिजे."

"अहो, ही सही तुमची म्हणता, मग वाचून दाखवा."

आता काय सांगू? उलटी आहे म्हणून सांगू? एवढ्या लोकांत, ह्या तोंडानं? उलटसुलट मला शिकवू नका म्हणणारी मी!

"...उलटी आहे," मी म्हटलं. "चुकून उलटी झालीय."

कुणीतरी फसकन हसलं. "चुकून मोडी झाली म्हणा की, मावशी!"

"बघा," नाईकनवरे पाहुण्यांना म्हणाले, "स्वतःची सही असती तर कुणी चुकलं असतं का?"

मी वळून दाराकडे निघाले. तर दारात मास्तर उभे.

पायात माझ्या हातचा जोड. काखेत छत्री. गर्दी बाजूला झाली. मास्तर सावकाश चित्रापर्यंत आले. माझ्याकडे बघितलं नाही. चिठ्ठी वाचली. जवळ वाकून, चष्मा वर करून पूर्ण वाचली, जशी काही दुसऱ्याच कुणाच्या नावाची आहे.

"चिमटे काढा," ते म्हणाले.

"मास्तर, आता कार्यक्रम सुरू..."

"चिमटे काढा."

नाईकनवऱ्यांनी चिमटे काढले. मास्तरांनी चित्र दोन्ही हातांनी धरलं आणि फिरवलं. चित्र खिडकीकडे, पाठ लोकांकडे. कोरी, पांढरी पाठ धरून ते उभे राहिले.

लोकांना कळेना. मलाही कळेना. सहा महिने मी पुढून बघितलं होतं. पाठ कोण बघतं?

मग खिडकीतलं ऊन कागदाच्या आरपार आलं.

पातळ कागद. काळ्या शाईतून ऊन येईना. पण जिथं जिथं माझी रापी फिरली होती तिथून आलं. चपला उजळल्या, उलट्यापालट्या, सगळ्या डाव्यांच्या उजव्या. आणि खाली, आता डाव्या कोपऱ्यात, अक्षरं पेटली. सरळ, सुलटी. काना वाकलेला नाही. चौथीच्या बाईंनी बसवलेली.

म्हाताऱ्याच्या बायकोनं "अगंबाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. मघाशी हसलेला माणूस हसायचा थांबला. पाहुण्यांनी खिशातून चष्मा काढला, घातला, पुढं झाले.

"मोडी येते ना साहेब तुम्हाला?" मास्तर म्हणाले. "मग ही बाळबोध आहे. वाचा."

नाईकनवऱ्यांनी वाकून वाचलं आणि छडी पाठीमागं लपवली.

मी ताठ उभी होते. माझी मान कधी वर झाली ते मला कळलंही नाही. पाहुणे एकदा त्या अक्षरांकडे बघत होते, एकदा माझ्या हातांकडे. मी हात पदराखाली घेतले नाहीत. घट्टे असू देत, शाई असू दे, बघा म्हटलं.

"पण मास्तर..." नाईकनवरे म्हणाले, "ही तर चूक झाली. कागदावर सही उलटी आली म्हणजे चूकच की."

"चूकच आहे."

"तुमच्या हाताखाली शिकलेल्या माणसाकडून..."

"साठ वर्षं कापतोय मी," मास्तर म्हणाले. "हजारो अक्षरं कापली. एकही उलटं उमटलं नाही. करायचं म्हटलं तरी ही चूक मला जमायची नाही."

ऊन कागदातून त्यांच्या पांढऱ्या दाढीवर पडलं होतं. कागद त्यांनी खाली घेतला नाही.

नाईकनवऱ्यांनी चिठ्ठी उपटली. दुसरी कोरी चिठ्ठी खिशातून काढली. पेनाचं टोपण काढलं आणि थांबले. इतक्या लोकांत ते नाव पुन्हा वाचायला वाकायचं त्यांच्या जिवावर आलं असावं.

"मग सांगा मास्तर," ते म्हणाले, "दोष कुणाचा लिहू?"

मास्तर माझ्याकडे वळले. नऊ वर्षांत पहिल्यांदा...

"लिहा," ते म्हणाले. "शालन बापू सातपुते."