नारबा आजींचा डबा पोचवतो

एका गावाचं नुकतंच शहर झालं होतं. तिथे नारबा नावाचा एक भोळा गडी होता. अंगाने पैलवान, पण डोक्याचा उपयोग फक्त टोपी घालायला. नगरपालिकेने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारचा डबा द्यायचं ठरवलं, आणि पोचवायचं काम दिलं कोणाला? नारबाला! आता बोला.

त्याच्या वाट्याला द्वारकाआजी आल्या. आजींचे हात थरथरायचे, घरातली चूल केव्हाच बंद पडलेली. डबा आला तर जेवण, नाही तर पाणी पिऊन झोपायचं.

पहिल्या दिवशी नारबा वाटेत डोंबाऱ्याचा खेळ बघत बसला. पिठलं गार ढोण झालं. आजींच्या घशाखाली उतरेना. डबे भरणाऱ्या सुंदरामावशी कडाडल्या, "मेल्या, गार झालं तर चुलीवर ठेवून गरम करावं!"

"बरं मावशी."

दुसऱ्या दिवशी डब्यात श्रीखंड होतं. नारबाने बोट लावून पाहिलं. गार! लगेच चहाच्या टपरीवर नेऊन चांगलं रटरटवलं. आजींनी झाकण उघडलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पाणी प्यायल्या, झोपल्या.

"अरे टोणग्या," मावशी म्हणाल्या, "असलं गार पाण्यात ठेवून न्यायचं!"

"बरं मावशी."

पुढच्या दिवशी थालीपीठ. नारबाने बादलीभर पाणी घेतलं आणि थालीपीठ त्यात सोडलं. आजींच्या दारात पोचेपर्यंत बादलीत नुसता चिखल.

"ओलं झालं तर उन्हात वाळत घालावं, एवढंही कळत नाही?"

"आता कळलं मावशी."

मग आला वरणभात. हे तर फारच ओलं! नारबा आजींच्या पत्र्यावर चढला, वरणभात छान पसरून ठेवला आणि सावलीत जाऊन घोरू लागला. कावळ्यांनी पंगत झोडली. आजी खालून बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मावशींनी तर हातच जोडले. "बाबा रे, काठी घेऊन बस! आजींच्या घासाला जो चोच लावेल, त्याला झोडपून काढ!"

दुसऱ्या दिवशी नारबा काठी घेऊनच निघाला. डबा गरम, पिठलं गरम, भाकरी गरम. सगळं कसं जागच्या जागी! आजींनी हात धुतले. तेवढ्यात नगरसेवक साहेब आले. पांढरे कडक कपडे, मागे फोटोवाला. साहेबांना डब्याची चव घेताना फोटो हवा होता. त्यांनी आजींची भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि घास आपल्या तोंडाकडे नेला.

"चोच लावतोस होय रे!" म्हणत नारबाने काठी हाणली.

साहेब बोंबलत मागे पळाले ते धपकन अंगणातल्या हौदात. बाहेर निघाले ते निथळत. आणि ओलं झालं तर काय करायचं, हे नारबाला पक्कं पाठ होतं. त्याने साहेबांना खांद्यावर टाकलं, पत्र्यावर नेलं, हातपाय नीट पसरून ठेवले आणि शेजारी काठी घेऊन बसला.

सुंदरामावशी धावत आल्या. "नारबा! अरे मुडद्या, ते साहेब आहेत!"

"काळजी नको मावशी. एक कावळा फिरकू देत नाही."

खाली द्वारकाआजींनी गरम पिठलं-भाकरीचा शेवटचा घास खाल्ला. पोटभर जेवून ढेकर दिली. मग पत्र्याकडे बघून हाक मारली, "नारबा, बाळा, आता पालथं घाल रे त्यांना. खालची बाजू ओलीच राहिली असेल."