सुगरण आणि पाणचक्की

एका ओढ्याकाठच्या जंगलात, बाभळीच्या झाडावर एक सुगरण राहत असे. मुलांनो, तिचा स्वभाव मोठा संशयी. साधे पान हलले तरी तिला त्यामागे कोणीतरी दडलेले दिसे. बाभळीवरची सगळी सुगरण पाखरे गवताच्या टोपल्या विणायची आणि जंगलातले प्राणी त्याबदली दाणे द्यायचे. पण लांडग्याने ओढ्यावर पाणचक्की उभारली आणि ती धडाधड टोपल्या विणू लागली. टोपल्या विरविरीत, पण स्वस्त! बाभळीकडे कोणी फिरकेना. सुगरणीची पिले भुकेने चोची उघडून बसू लागली.

एका सकाळी दाट धुक्यात पाखरांनी गुपचूप बैठक भरवली. कोणी ओळखू नये म्हणून प्रत्येकाने अंगभर काजळी फासली होती. बाभळीवरचे सर्वांत म्हातारे सुगरण आजोबा तेवढे साध्या तोंडाने आले. ते म्हणाले, "सगळे मिळून दिवसाढवळ्या चक्कीच्या फाटकाशी जाऊ आणि लांडग्याशी बोलू. तोंडं कशाला लपवायची? आपण काय चोरी केलीय?" तेवढ्यात एक थोराड पाखरू गरजले, "बोलणी पुरे! चक्की पेटवून द्या! आजोबा, तुम्हांला लांडग्याचा एवढा कळवळा का हो?"

झाले! सुगरणीच्या मनात पाल चुकचुकली. आदल्याच दिवशी तिने आजोबांना चक्कीच्या फाटकाशी मान खाली घालून घुटमळताना पाहिले होते. ती ओरडली, "मी पाहिलंय यांना तिथे! हेच फितूर आहेत!" आजोबांनी काही सांगायला चोच उघडली, पण ऐकतो कोण? त्यांना बैठकीतून हाकलून दिले. ते थोराड पाखरू कोण, कुठल्या झाडावरचे, हे मात्र आपल्या संशयी सुगरणीने विचारले नाही. उलट ती कौतुकाने म्हणाली, "काजळी फासावी तर अशी! कुठे एक पिवळं पीस दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी पाखरे चोचीत पेटत्या काड्या धरून चक्कीवर गेली. तिथे लांडग्याचे चाकर कोल्हे जाळे पसरून वाटच पाहत होते! सगळी पाखरे अडकली. चाकाचे पाणी अंगावर उडाले, काजळी ओघळली आणि एकेक ओळखीचा चेहरा उघडा पडला. थोराड पाखरूही चिंब भिजले, पण ते काळेच राहिले. तो होता कोकीळ! ज्याने जन्मात स्वतःचे घरटे विणले नाही, त्याला टोपल्यांचे कसले दुःख? कोल्ह्याने त्याला अलगद बाहेर काढले. तो लांडग्याच्या खांद्यावर जाऊन बसला आणि एकेकाचे नाव सांगू लागला.

थोड्या वेळाने आजोबा तिथे आले, कालच्यासारखेच साध्या तोंडाने. जाळ्याशी वाकून ते हळूच म्हणाले, "पोरी, पिलांची काळजी करू नकोस. इथे फाटकाशी गिऱ्हाइकांचे दाणे सांडतात. तू टोपल्या विकायला बाहेर पडलीस की मी ते वेचून पिलांना भरवायचो. आजही भरवून आलोय."

"आजोबा, आणि मी तुम्हांलाच फितूर ठरवलं!" सुगरण म्हणाली.

तात्पर्य : आपल्याला आवरणारा प्रत्येक जण फितूर नसतो, आपल्याहून जास्त पेटलेल्याला मात्र आधी विचारावे, "यात तुझे काय जाणार आहे?"