रूपकाची सम

"मग दहा मात्रांची आणि सात मात्रांची सम एकत्र आणायची कशी, बुवा?"

"आणायची कशाला? येते की आपली आपण."

मिरजेला अनंतबुवा केंजळ्यांच्या ओसरीवर ओजस मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. नऊ वर्षं बुवांकडे तबला शिकलेला, पण आता कॉम्प्युटरवर वाजवायचा. आवाज चालू असतानाच लोकांसमोर ओळी लिहायच्या, खोडायच्या, असलं ते वादन. नाव झालं होतं आणि नावाबरोबर शिंगंही फुटली होती.

उद्या मुकुंदाचं वर्षश्राद्ध. मुकुंदा म्हणजे बुवांचा एकुलता एक मुलगा, ओजसचा मैफलीतला जोडीदार. संध्याकाळी त्याचा रेकॉर्ड केलेला ठेका ओजसला वाजवायचा होता. बुवा हो म्हणाले तरच.

"ऐकव."

ओजसची दहा मात्रांची सुरावट सुरू झाली. तिच्याखाली मुकुंदाचा रूपक, सात मात्रांचा.

बुवा गुडघ्यावर ताल धरू लागले. हात अडखळला.

"हा मुकुंदा नव्हे."

"त्याचेच हात आहेत, बुवा. दहांच्या मापात बसावेत म्हणून सात जरा ताणलेत."

"मेलेल्याला तरी ताणू नकोस रे..."

ओजसला ते फार लागलं. त्याने मुकाट्याने ताणणारा तो एक शब्द खोडला. आता दहा आपल्या चालीने चालले, सात आपल्या.

"आता सत्तर मात्रांनी भेटतील," तो म्हणाला.

चाल मुकुंदाची झाली होती. बुवांचा चेहरा सैलावला. तेवढ्यात रूपकाच्या समेवर जाडजूड घुमारा आला आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"हा डग्गा कुणाचा?"

"माझा. सम रिकामी वाटत होती."

बुवांनी तळवा उताणा करून हवेत बाजूला नेला. खालीची खूण. रूपकाची सम खालीवरच येते, तिथे डग्गा मुका ठेवायचा. पहिल्या वर्षीचा धडा होता तो.

"शेवटच्या मैफलीतही घातला होतास?"

ओजसने मान खाली घातली. वर्षभर हा प्रश्न येईल म्हणून तो या घरापासून लांब राहिला होता.

"आजाराने त्याची बोटं जड झाली होती, बुवा. सम निसटत होती. लोकांना कळू नये म्हणून मी वाजवता वाजवता समेवर डग्गा घालणारी एक ओळ लिहिली..."

"मग?"

"त्याने माझ्याकडे पाहिलं. तबल्यावरून हात उचलले. पुन्हा ठेवलेच नाहीत."

पंधरा दिवसांनी मुकुंदा गेला होता.

ठेका आपला चालूच होता.

"ती ओळ काढ."

ओजसने काढली. दोघे बोटांवर मात्रा मोजत बसले. एकोणसत्तर... सत्तर... आणि एक. दोन्ही चाली समेवर भेटल्या. तिथे तबल्याच्या काठावरची, चाटीची एक बारीक टिचकी होती, बाकी काही नाही. बुवांचा तळवा उताणाच राहिला, आणि ओजसला रडू आवरेना.

"उद्या वाजवू, बुवा?"

"वाजव. असंच."

"लोक विचारतील, समेवर काहीच कसं नाही... त्यांना काय सांगू?"

बुवांनी हात मांडीवर ठेवला.

"सांग, 'मागच्या वेळी मुकुंदाची सम मी झाकली होती.'"